खोळीत रजई सरकते, तेव्हा आधी माप पाहावे

नांदेडच्या एका ताईंनी विचारले आहे की, मागच्या हिवाळ्यात त्यांनी डबल बेडसाठी ९० बाय १०० इंचांची मायक्रोफायबरची पांढरी रजई घेतली आणि तिच्यासाठी वेगळी, ९५ बाय १०५ इंचांची साटीन विणीची खोळ घेतली. रात्री नीट पसरलेली रजई सकाळपर्यंत पायथ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होते, छातीवर नुसती रिकामी खोळ उरते, आणि दर दोन-तीन दिवसांनी सगळे बाहेर काढून पुन्हा बसवण्यात त्यांचा अर्धा तास जातो. त्यांनी कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावून पाहिल्या, तर त्यातली एक रात्री उघडली आणि चार वर्षांच्या मुलाच्या पायाला टोचली. आता खोळीला आतून बांधायचे बंद शिवून घ्यावेत, की ही खोळ बाजूला टाकून दुसरी घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी परभणीत गेली २६ वर्षे गाद्या, रजया आणि त्यांच्या खोळी शिवण्याचे काम करते. दुकानात आता कंफर्टर किंवा डुव्हे ही नावे चालतात, आमच्याकडे खेड्यात जुनी माणसे लेप म्हणतात. मी येथे रजई हाच शब्द वापरते. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी पाच अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे ही तक्रार घेऊन दिवाळीनंतर माझ्याकडे बरीच माणसे येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाची पहिली मागणी ‘कोपऱ्याला काहीतरी लावून द्या’ हीच असते. मी मात्र बंद शिवायला घेण्याआधी रजई आणि खोळ या दोन्हींचे माप घेते, कारण बंद कितीही पक्के लावले, तरी खोळ मोठी असेल तर रजई मधल्या भागात गोळा होतच राहते.

त्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी लागते, कारण ‘रजई सरकते’ या एकाच वाक्यामागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. एकात अख्खी रजई खोळीच्या आत सरकते. दुसऱ्यात रजई जागेवरच असते, पण तिच्या पोटातला कापूस किंवा फायबर एकीकडे जमा होतो, आणि वरून हात फिरवला की दोन्ही प्रकार सारखेच लागतात. रजई खोळीतून पूर्ण बाहेर काढा आणि दिवसा खिडकीसमोर दोघांनी वरचे दोन कोपरे धरून ती उभी टांगा. प्रकाश सगळीकडून सारखा मंद दिसला तर भरण जागेवर आहे असे समजावे. काही ठिकाणी कापड पारदर्शक दिसत असेल आणि खाली गोळ्यांच्या सावल्या दिसत असतील, तर दोष रजईच्या आतल्या शिवणीत आहे, आणि खोळीला दहा बंद लावूनही त्याला उतार पडणार नाही. कापसाच्या रजईचे असे झाले तर कापूस काढून पुन्हा पिंजून घ्यावा लागतो आणि चार ते सहा इंचांच्या अंतराने नव्याने टाके घालावे लागतात. मायक्रोफायबरच्या रजईत ही वेळ सहसा येत नाही, कारण तिच्यावर कारखान्यातच चौकटीची शिवण मारलेली असते. ती शिवण कुठे उसवली आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. ताईंनी ‘वर रिकामी खोळ राहते’ असे लिहिले आहे, त्यावरून त्यांचे दुखणे पहिल्या प्रकारचे दिसते.

रजई पायथ्याकडेच का जाते, हे नीट समजून घेतले तर उपाय कोठे करायचा तेही कळते. झोपेत थंडी वाजली की आपण गळ्याजवळचा काठ मुठीत धरून वर ओढतो. त्या मुठीत फक्त खोळीचे कापड येते, आतली रजई येत नाही. खोळ दोन इंच वर येते, आणि दोन किलोची रजई, जिच्यावर आपले पाय आणि गुडघे टेकलेले असतात, ती मागे राहते. रात्रीतून असे पाच-सहा वेळा झाले की पहाटेपर्यंत छातीवरचा भाग रिकामा होतो. त्यातच डबल बेडवर दोन माणसे असतात. दोघांपैकी जो जास्त ओढतो त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पलंगाच्या कडेवरून लोंबणाऱ्या भागाकडे, रजई आपल्या वजनाने घसरते. म्हणून ती नेमकी पायथ्याच्या एका कोपऱ्यात सापडते. मायक्रोफायबरचे आवरण गुळगुळीत, साटीन विणीच्या खोळीची आतली बाजूही बरीच गुळगुळीत, आणि या दोघांच्या मध्ये पाच इंचांची मोकळी जागा, अशी तिन्ही कारणे ताईंच्या घरी एकत्र आली आहेत. यातल्या मोकळ्या जागेचा वाटा सर्वांत मोठा आहे असे माझे अनुभवाने मत झाले आहे, कारण नुसते माप सुधारून दिल्यावर बंदांशिवायही बऱ्यापैकी टिकलेल्या रजया मी पाहिल्या आहेत.

माप घेताना पाकिटावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. रजई दोन-तीनदा झटकून फरशीवर पसरावी, हाताने ताणू नये, आणि लांबी व रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी, म्हणजे दोन्ही काठांवर आणि मधोमध, टेपने मोजावी. खोळ उलटी करून आतल्या शिवणीपासून आतल्या शिवणीपर्यंत मोजावी. बाहेरून मोजली तर शोभेच्या झालरीचे दोन-तीन इंच मापात धरले जातात आणि सगळा हिशेब चुकतो. खोळ नवी आणि न धुतलेली असेल तर ती आधी एकदा धुऊन, वाळवूनच मोजावी. साधे सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत शेकडा तीन ते पाचपर्यंत आटू शकते, म्हणजे १०५ इंचांच्या लांबीत तीन ते सव्वापाच इंचांचा फरक पडू शकतो. पॉलिस्टरचे कापड जवळजवळ आटत नाही. ताईंची साटीन सुती आहे की पॉलिस्टरची, हे त्यांनी लिहिलेले नाही; सुती असेल आणि एक-दोनदा धुऊन झालेली असेल, तर ती आज कदाचित १०१ इंचांवर आली असेल आणि दुरुस्ती थोडक्यात होईल.

आता खोळ किती असावी, याचे उत्तर रजईच्या भरणावर अवलंबून आहे. फायबरच्या फुगीर, दबणाऱ्या रजईला खोळ एक ते दोन इंचांनी लहान असली की रजई कोपऱ्यापर्यंत भरून बसते आणि तिला हलायला जागाच राहत नाही. हाच नियम हाताने टाके घातलेल्या, तीन-चार किलोंच्या कापसाच्या रजईला लावू नये. ती दबत नाही, त्यामुळे लहान खोळीत तिचे काठ दुमडतात आणि त्या दुमडीत कापूस तुटतो. तिला खोळ बरोबर तिच्याच मापाची हवी. सुरुवातीच्या काळात मी सगळ्याच खोळी ‘घालायला सोपे जावे’ म्हणून दोन इंच मोठ्या शिवत असे आणि नंतर त्या सरकतात म्हणून परत येत. घालताना दोन मिनिटे जास्त लागली तरी चालतील, पण माप सैल ठेवू नये, हे मी तेव्हापासून पाळत आले आहे.

ताईंच्या खोळीचे माप अजूनही ९५ बाय १०५ भरत असेल, तर ती टाकून देण्याची मुळीच गरज नाही. कोणत्याही शिंप्याकडून ती आतून दाबून घ्यावी. रुंदीत सहा इंच कमी करायचे आहेत, ते दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच घ्यावेत, म्हणजे नक्षी मध्यावरच राहते. लांबीतले सहा इंच मात्र सगळे डोक्याच्या, म्हणजे तोंड नसलेल्या बाजूने घ्यावेत. पायथ्याला तोंड आणि त्याची काज-बटणे असतात, तेथे हात लावला तर काम विनाकारण वाढते. खोळ मग ८९ बाय ९९ होईल. शिवणीबाहेर राहिलेले कापड कापू नये. ते आतच सोडून द्यावे, कारण चार-पाच वर्षांनी रजई बदलली आणि नवी मोठी निघाली, तर टीप उसवून खोळ पुन्हा वाढवता येते. शिवाय काठाशी राहिलेला तो जाडसर पदर रजईला थोडी पकड देतो.

माप झाल्यावर बंदांकडे यावे. बाळाच्या झबल्याला किंवा बाराबंदीला असतात तसेच साधे सुती बंद यासाठी सर्वांत चांगले, असे मी ठामपणे सांगते. खोळीच्या आत प्रत्येक जागी बंदांची एक जोडी आणि रजईच्या त्याच जागी एक लहान नाके, म्हणजे बंद ओवायची कडी, एवढीच ही व्यवस्था असते. बंदासाठी सुती नाडीची पट्टी घ्यावी किंवा मांजरपाटाची पट्टी चौपदरी दुमडून टीप मारून घ्यावी. साटीनची चकचकीत रिबीन कधीही वापरू नये. तिची गाठ रात्रीत आपोआप सुटते. प्रत्येक बंद नऊ इंचांचा कापला की एक इंच शिवणीत जातो आणि आठ इंच हातात राहतो, त्यात सुरगाठ आरामात बसते. निरगाठ मारू नये, कारण खोळ धुवायला काढताना ती सुटत नाही, आणि मग घाईत कोणीतरी कात्री लावते.

बंद कोठे शिवला आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. तो खोळीच्या दोन पदरांच्या शिवणीत घालून वरून दोनदा मागे-पुढे टीप मारावी. सपाट एकेरी कापडावर बंद शिवला तर ओढ लागताच तो कापडाचा तुकडा घेऊन निघतो. मागच्या वर्षी माझ्याकडे एक रजई आली होती. कोणीतरी तिच्या आवरणावरच थेट चार नाकी शिवली होती आणि त्यातल्या दोन नाक्यांच्या जागी दोन-दोन इंचांची भोके पडून फायबरचे पुंजके बाहेर लोंबत होते. मायक्रोफायबरचे आवरण फार पातळ असते, ते एका टाक्यावरची ओढ सहन करत नाही. रजईच्या कडेला जाड काठ किंवा पायपिंग असेल तर नाके त्यातच अडकवावे. ते नसेल तर आधी दोन इंच लांब-रुंद सुती कापडाचे ठिगळ घ्यावे, त्याच्या कडा आत दुमडाव्यात, ते कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना येईल असे मधोमध दुमडून बसवावे, दुहेरी दोऱ्याने चारही कडांनी हातशिलाई करावी आणि मग त्या ठिगळावर नाके शिवावे. ओढ एका बिंदूवर न येता ठिगळाच्या चारही कडांवर वाटली जाते. हे काम यंत्रावर करू नये, कारण फुगीर कोपरा सुईखाली दाबला की भरण आत सरकते आणि कोपरा कायमचा चपटा होतो.

गाठ बांधल्यावर रजईचा कोपरा आणि खोळीचा कोपरा यांच्यात बोटभरही अंतर राहू नये. बंदाला चार इंचांची ढील असेल, तर रजई प्रत्येक कोपऱ्यातून चार इंच सरकणारच. म्हणून नाके लहान, फक्त बंद ओवता येईल एवढेच ठेवावे. जागांची संख्या विचाराल तर ६० बाय ९० च्या सिंगल रजईला चार कोपरे आणि दोन लांब काठांच्या मध्यावर एकेक, असे सहा बंद पुरतात. ताईंच्या रजईला याशिवाय डोक्याच्या काठाच्या मध्यावर एक, असे सात लावावेत. वर सांगितले त्याप्रमाणे खरी ओढ डोक्याच्या बाजूला बसते, त्यामुळे वेळ किंवा पैसा कमी असेल तर डोक्याकडचे दोन कोपरे आणि मधला एक, एवढे तीन बंद आधी करून घ्यावेत. नुसते पायथ्याचे दोन कोपरे बांधून काहीही साधत नाही, कारण रजई तिकडेच तर चाललेली असते.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात सांगते. सेफ्टी पिना ताईंनी लगेच काढून टाकाव्यात. त्या उघडतात, गंजतात आणि कापडाला भोके पाडतात. चुंबकाच्या क्लिपा बाजारात मिळतात, पण निसटलेले लहान चुंबक मुलाने गिळले तर जिवावर बेतू शकते, म्हणून लहान मूल असलेल्या घरात मी त्या सुचवत नाही. टिचबटणे लावायला झटपट असतात, मात्र दोघांच्या ओढाताणीत ती पटकन सुटतात. वेल्क्रोला धाग्याचा भुसा चिकटतो आणि काही धुण्यांनंतर त्याची पकड जाते. याच ओघात एक काळजीची गोष्ट सांगते: एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर अशी सुटी रजई, खोळीसह किंवा खोळीशिवाय, घालूच नये.

माप आणि बंद दोन्ही झाल्यावरही थोडी घसरण वाटली, तर खोळीच्या आत डोक्याच्या काठाला सहा इंच रुंदीची फलालीनची पट्टी लावून घ्यावी. फलालीनची लव गुळगुळीत आवरणाला धरून ठेवते. पुढच्या वेळी खोळीचे कापडच निवडायचे असेल, तर साटीनपेक्षा साधी सुती वीण चांगली. ती दिसायला चमकदार नसते, पण रजई सांभाळते. हौसेने छत्रपती संभाजीनगरहून हिमरूचे कापड आणून त्याची खोळ शिवायला सांगणारे लोकही माझ्याकडे येतात. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र असते आणि त्याच्या मागच्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे असतात. नाक्यात किंवा बटणात ते अडकून ओढले गेले की नक्षी बिघडते. अशा खोळीला आतून मलमलीचे किंवा मांजरपाटाचे अस्तर लावल्याशिवाय मी ती देत नाही. इतक्या मेहनतीने विणलेले कापड आमच्या हातून खराब होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

खोळ बसवण्याची रीत बदलली, तर ताईंचा अर्धा तास वाचेल. खोळ उलटी करून पलंगावर पसरावी आणि तिचे तोंड पायथ्याकडे ठेवावे. तिच्यावर रजई पसरून सगळे बंद बांधावेत. मग डोक्याच्या बाजूने दोन्ही मिळून अंथरुणाची वळकटी करतो तशी घट्ट वळकटी करत पायथ्यापर्यंत यावे. तोंडाशी पोहोचल्यावर खोळीच्या तोंडाचा एक काठ वळकटीच्या एका टोकावरून आणि नंतर दुसऱ्या टोकावरून उलटवून घ्यावा, म्हणजे पूर्ण वळकटी खोळीच्या पोटात जाते. बटणे लावून वळकटी पुन्हा डोक्याकडे उलगडत न्यावी. पहिल्या वेळी गोंधळल्यासारखे होते, तिसऱ्या वेळी एकटीने पाच-सात मिनिटांत होते. तोंड पूर्ण रुंदीचे असेल तर दोन्ही टोकांकडून एकेक फूट शिवून बंद करून घ्यावे, म्हणजे पायथ्याच्या कोपऱ्यांनाही खिसा मिळतो. आणि बटणांमधले अंतर सहा इंचांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर मधल्या फटीतून पाय आत जातो आणि रजई बाहेर येते.

एवढी खटपट करण्यापेक्षा खोळच नको, असेही काही जण म्हणतात. आपल्या भागात मी हे कधीच मान्य करत नाही. कापसाची रजई धुता येत नाही, धुतली की कापसाचे गोळे होतात. फायबरची रजई धुता येते, पण तिला पाणी फार लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आम्हा मराठवाड्यातल्या बायकांच्या अजून लक्षात आहे. खोळ असली की ती तेवढी बादलीभर पाण्यात निघते आणि रजईला नुसते ऊन दाखवले तरी चालते. जुन्या लेपांना आमच्या घरी आई जुन्या लुगड्याची खोळ घालून चारही काठांनी लांब धावदोरा टाचत असे आणि घटस्थापनेच्या आधी दसरा काढताना तो दोरा ओढून खोळ वेगळी करत असे. ताईंना शिंप्याकडे जायला आठ-पंधरा दिवस लागणार असतील, तर तोवर हाच उपाय करावा: जाड सुती दोऱ्याने, तीन-तीन इंचांच्या टाक्यांनी, डोक्याचा पूर्ण काठ आणि दोन्ही बाजूंचे वरचे दोन-दोन फूट टाचून टाकावेत. टाके काठाच्या शिवणीजवळच ठेवावेत, आणि शेवटी गाठ न मारता दोरा दोनदा उलटा घेऊन सोडावा, म्हणजे तो एका ओढीत निघतो आणि आजच्या रात्रीपासूनच मुलाच्या अंगावर पिनांशिवाय रजई राहते.